हरलेल्या संघाचा पुढचा सामना

कबड्डीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते दोन टोकांवर असते. एक तर मातीतल्या खेळाचे गोडवे, नाही तर प्रो कबड्डीच्या लिलावातले आकडे. मधल्या माणसाकडे कुणाचे लक्ष नसते. तालुक्यातल्या एखाद्या गावचा, शेती किंवा दुकान सांभाळून मंडळाच्या नावाने वर्षातून चार-सहा स्पर्धा खेळणारा पंचवीस-सव्वीस वर्षांचा गडी ना गौरवग्रंथात सापडतो, ना क्रीडा पानावर. ही पुस्तिका त्याच्यासाठी आहे. हौशी संघांची तालुका पातळीवरची लीग का हवी, ती कशी उभी करायची आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या वर्षी ती बंद कशी पडू द्यायची नाही, एवढाच तिचा विषय.

लीग म्हटले की आता लिलाव, संघमालक आणि कॅमेरेच डोळ्यांसमोर येतात. ते सगळे बाजूला ठेवले की गाभा साधा उरतो. आज हरलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरायला मिळते, ती लीग. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तसे होत नाही. पुढची सगळी पाने या एका फरकाभोवती फिरतात, म्हणून तो इथेच नीट पाहून घेऊ.

गावाकडच्या स्पर्धेचा नमुना सगळ्यांना पाठ आहे. ग्रामदैवताची जत्रा, शिवजयंती किंवा पुढाऱ्याचा वाढदिवस हे निमित्त. आठवडाभर आधी फ्लेक्स लागतो. पहिले बक्षीस कुणाच्या वतीने, दुसरे कुणाच्या स्मरणार्थ, प्रवेश फी किती, वजनाची अट काय. आदल्या दिवशी मैदानातले खडे वेचले जातात, माती चाळून पसरली जाते, टँकरने पाणी मारून रोलर फिरतो. मग दोरी धरून फक्कीच्या रेषा पडतात. पुरुषांसाठी लांबी १३ मीटर, रुंदी १० मीटर. मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा आणि दोन्ही बाजूंना राखीव क्षेत्र. संध्याकाळी हॅलोजन लागतात. वजनकाट्यापाशी हमखास वाद होतो, कुणी बूट काढतो, कुणी बनियनही. आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा होतात आणि चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरतात.

आता हिशेब पाहा. ३२ संघ आले तर एकूण ३१ सामने होतात आणि १६ संघ एकच सामना खेळून बाहेर पडतात. पुढच्या फेरीत आणखी ८ जातात. म्हणजे चारपैकी तीन संघांचा खेळ दोन सामन्यांच्या आत आटोपतो. नियमाप्रमाणे सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांचा. पण एवढे सामने उरकायचे म्हटल्यावर सत्र दहा मिनिटांवर येते. पन्नास-साठ किलोमीटरवरून टेम्पो करून आलेला संघ वीस मिनिटे खेळून रात्री नऊला परतीच्या वाटेला लागतो. त्यातल्या डाव्या कोपऱ्यावरच्या पोराला घोट्याची पकड दोनदा टाकायला मिळाली. एकदा बसली, एकदा चढाईपटू हिसका देऊन मध्यरेषेवर पोहोचला. आपण अर्धा पाऊल आधी निघालो की उशिरा, हे त्याला उमगायला पुढचा सामना हवा. तो दोन महिन्यांनी, दुसऱ्या गावच्या जत्रेत.

बक्षिसाची रक्कम मोठी असली की दुसरा रोग लागतो. आयोजकांना नामवंत संघ हवे असतात आणि संघांना नामवंत खेळाडू. मग गावच्या मंडळाच्या बनियनवर बाहेरून आणलेले तीन-चार गडी उतरतात, त्यांचे मानधन आणि जेवणखाण बक्षिसातून वळते होते आणि वर्षभर सराव करणारी गावची पोरे राखीव म्हणून बाकावर बसतात. संघ जिंकतो, ढाल ग्रामपंचायतीत लागते, पण गावातली कबड्डी मात्र जिथल्या तिथे राहते. यात आयोजकांना दोष देण्याचे कारण नाही. एका रात्रीत गर्दी खेचायची तर हेच करावे लागते. दोष रचनेचा आहे.

ही रचना कशी घडली ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपण ज्याला हुतूतू म्हणत होतो त्या खेळाला लिखित नियम मिळाले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात, आणि त्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा मोठा वाटा होता. संजीवनी, गामिनी, अमर असे खेळाचे वेगवेगळे प्रकार चालत; बाद झालेला गडी परत यावा की नाही यावरच एकमत नव्हते. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५५ पासून महिलांची सुरू झाली. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. हा पल्ला गाठण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो. आणि २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट ठळक दिसते. आपण वरच्या पायऱ्या एकामागून एक बांधत गेलो. जिल्हा संघटना, निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय स्पर्धा, आशियाई स्पर्धा, व्यावसायिक लीग. निवड चाचणीचा उद्देश निवडणे हा असतो. म्हणजे शंभरातून बारा घ्यायचे आणि अठ्ठ्याऐंशींना घरी पाठवायचे. ते अठ्ठ्याऐंशी पुढे काय खेळतात, कुठे खेळतात, याची व्यवस्था कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हती. जत्रा आणि मंडळे यांनी ती आपापल्या परीने भागवली, एवढेच.

ज्या देशाने हीच गोष्ट उलट्या बाजूने सोडवली त्याचे उदाहरण या पुस्तिकेत सविस्तर घेतले आहे. तो देश इंग्लंड आणि खेळ रग्बी. कबड्डीच्या पुस्तकात रग्बी कशाला, असे वाटेल. पण दोन्ही अंगाला अंग भिडवण्याचे खेळ, दोन्हीत दुखापत पाचवीला पुजलेली, दोन्ही गावागावांच्या ईर्ष्येवर वाढलेले. इंग्लंडची रग्बी फुटबॉल युनियन १८७१ मध्ये २१ क्लबांनी मिळून स्थापन केली. पैसे घेऊन खेळणे तिला मान्य नव्हते. उत्तरेकडच्या खाणींत आणि गिरण्यांत काम करणारे खेळाडू शनिवारी खेळायला आले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी अशी तिथल्या क्लबांची मागणी होती. ती फेटाळली गेली आणि १८९५ मध्ये हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यातूनच रग्बी लीग हा तेरा जणांचा वेगळा खेळ झाला. मजुरी बुडण्याचा प्रश्न आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराच्या पोराला समजावून सांगावा लागणार नाही.

युनियनच्या बाजूला राहिलेल्या क्लबांनी मात्र शंभर वर्षे देशव्यापी लीग होऊ दिली नाही. क्लब आपसात मैत्रीचे सामने ठरवत, परगण्यांच्या चषकासाठी भांडत. अखेर १९८७ मध्ये सगळ्या देशाची एकच उतरंड तयार झाली आणि हजाराहून अधिक क्लब तिच्यात आले. १९९५ मध्ये रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झाली, पण पैसा वरच्या थरांतच राहिला. खाली प्रादेशिक विभाग आणि त्याखाली परगण्यांचे विभाग आहेत, तिथे खेळणारे सुतार, शिक्षक, ड्रायव्हर, शेतकरी बहुतेक आपल्याच खिशातून वर्गणी भरून खेळतात. सप्टेंबर ते एप्रिल, शनिवारी दुपारी ८० मिनिटे. एकदा आपल्या मैदानावर, एकदा समोरच्यांच्या. विजयाला ४ गुण, बरोबरीला २. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तरी एक गुण पदरात पडतो. हंगामाच्या शेवटी वरचे वर जातात, तळाचे खाली येतात. मोठ्या क्लबांचा दुसरा आणि तिसरा संघही असतो. गुडघा दुखू लागलेला चाळिशीतला गडी तिसऱ्या संघात विशीतल्या पोराच्या शेजारी उभा राहतो आणि आपले सगळे डावपेच त्याला फुकटात शिकवतो.

ही व्यवस्था निर्दोष नाही. अगदी खालच्या विभागांत पंधरा माणसे जमत नाहीत म्हणून सामना सोडून द्यावा लागतो, लांबच्या प्रवासाला लोक कंटाळतात. २०२२ मध्ये युनियनने विभागांची फेररचना केली, त्यामागे प्रवास कमी करणे हाच मोठा हेतू होता. दीड शतकाच्या अनुभवानंतर त्यांना जे कळले ते आपण पहिल्याच दिवशी गिरवावे. खालची लीग जगते ती जवळच्या मैदानावर आणि ठरलेल्या वारावर.

याच रग्बीची दुसरी बाजू आपल्या देशात घडली. कलकत्त्यातल्या इंग्रजांनी १८७० च्या दशकात रग्बीचा क्लब काढला. काही वर्षांतच सभासद पोलो आणि टेनिसकडे वळले, क्लब आटला. १८७८ मध्ये उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्याचा चषक घडवला आणि लंडनला पाठवून दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता चषकासाठी खेळतात. मुंबईत १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याने हा खेळ टिकवून धरला, पण गावोगावच्या मैदानांवर त्याचे पाऊल उमटले नाही. खेळ देशात आला, त्याचा चषक जगात गाजला, पण खालची पायरी कुणी घातलीच नाही, म्हणून तो जिमखान्याच्या कुंपणात राहिला. कबड्डीचे नशीब याच्या नेमके उलट आहे. तिची माणसे गावोगावी आहेत, फक्त त्यांना दर आठवड्याला एकत्र आणणारे वेळापत्रक नाही.

पुस्तिकेच्या दुसऱ्या भागात हे वेळापत्रक प्रत्यक्ष मांडले आहे, आणि त्यासाठी वडीगोद्री डोळ्यांसमोर ठेवली आहे. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथे धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. उत्तरेला तालुक्याचे गाव अंबड, दक्षिणेला गोदाकाठचे शहागड, जवळच अंकुशनगरचा साखर कारखाना आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस-मोसंबीचा पट्टा. गेल्या दोन-तीन वर्षांत वडीगोद्री आणि शेजारची अंतरवाली सराटी ही नावे आरक्षणाच्या आंदोलनांमुळे राज्यभर पोहोचली. पण आपण हे गाव निवडले ते रस्त्यांसाठी. चारी दिशांनी येणाऱ्याला दुचाकीवर तासाभरात पोहोचता येईल असा फाटा, हीच खालच्या लीगची पहिली गरज.

समजा, या परिसरातल्या आठ गावांचे आठ संघ तयार झाले. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे म्हटले तर २८ सामने होतात आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला सात सामने येतात, पहिल्या क्रमांकाच्याही आणि शेवटच्याही. दर रविवारी चार सामने ठेवले की सात रविवारांत लीग पूर्ण. चारही सामने एकाच मैदानावर ठेवले तर पंच, वजनकाटा, दिवे यांचा खर्च एकदाच होतो. दर रविवारी यजमान गाव बदलले की मैदान आखण्याचे काम वाटले जाते आणि आठपैकी सात गावांत वीस-वीस मिनिटांची पूर्ण कबड्डी पाहायला मिळते. आठव्याने अखेरच्या दिवशी बक्षीस समारंभ घ्यावा.

वेळापत्रकाचा सर्वांत अवघड भाग म्हणजे महिने ठरवणे. दिवाळीनंतर ठेवावे, थंडी असते, असे शहरातला माणूस पटकन म्हणेल. पण मराठवाड्यात त्याच सुमारास कापूस वेचणी जोरात असते आणि कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. संघातले दोन गडी टोळीबरोबर गेले की सातांचा संघ पाचांचा होतो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून दगड होते, भर पावसात ती पायाला चिकटते. म्हणून मैदानासाठी तांबड्या मातीचा थर आणि हंगामासाठी पोळा ते दिवाळी हे आठवडे सुचवले आहेत. ज्या भागात ऊसतोड कमी आहे तिथे हिवाळा चालेल. इंग्लंडचा शनिवार जसाच्या तसा उचलून चालत नाही. आपला रविवार कुठला, ते त्या त्या शिवाराने ठरवायचे.

गुणपद्धतीत मात्र उसनवारी करायला हरकत नाही. थोडक्यात हरलेल्याला एक गुण देण्याची रीत प्रो कबड्डीनेही पहिली अनेक वर्षे पाळली, आणि तिथेही मर्यादा सात गुणांचीच होती. याचा फायदा शेवटच्या पाच मिनिटांत कळतो. बारा गुणांनी मागे पडलेला संघ बाद स्पर्धेत हात टाकून देतो. लीगमध्ये तो फरक सातवर आणण्यासाठी झटतो, तिघेच उरलेले असताना अव्वल पकड साधायला धडपडतो, लोण टाळतो. प्रेक्षकालाही उठून जावेसे वाटत नाही.

मुलींच्या लीगला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि ते सर्वांत आधी वाचावे अशी माझी शिफारस आहे. शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी वाट आखलेली असते आणि खेड्यातल्या मुली त्या वाटेने मुलांच्या बरोबरीने धावतात. बारावी झाली की ती वाट एकदम संपते. मुलाला निदान जत्रेतली स्पर्धा उरते, मुलीला तीही उरत नाही. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या मुली होत्या. अशा खेळाडू घडायच्या तर सराव एकोणिसाव्या वर्षी थांबून चालत नाही. महिलांचे मैदान १२ मीटर बाय ८ मीटर. त्याच मैदानात आतल्या रेषा आखल्या की काम भागते. सुरुवातीला चार संघ पुरेत. सामने दिवसाउजेडी, चार वाजता, मुलांच्या सामन्यांच्या आधी ठेवावेत. त्यामुळे घरच्यांची निम्मी काळजी मिटते.

पंचांचा प्रश्न पैशांपेक्षा मोठा आहे. एका सामन्याला सरपंच, दोन पंच, दोन रेषापंच आणि गुणलेखक लागतात. बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत होता की नाही यावरून गावकी पेटलेली पुष्कळांनी पाहिली असेल. इंग्लंडमध्ये पंचांच्या स्थानिक संघटना खालच्या विभागांतही सामन्यांना पंच पाठवतात. आपल्याकडे जिल्हा संघटनेची पंच परीक्षा असते. प्रत्येक संघाने आपल्यातल्या एका माजी खेळाडूला ती द्यायला लावावे आणि त्याने स्वतःच्या गावाचा सामना सोडून बाकी सामन्यांत काम करावे, असा नियम सुचवला आहे. त्यातून चाळिशीच्या गड्यालाही मैदानात उभे राहायला कारण मिळते.

बक्षिसाची रक्कम जाणूनबुजून लहान ठेवायला सांगितले आहे. मोठ्या बक्षिसामागे बाहेरचे खेळाडू येतात हे वर पाहिलेच. त्याऐवजी तो पैसा दिवे, प्रथमोपचार आणि दुखापतीच्या विम्यावर खर्च करावा. खांदा निखळलेला गडी टेम्पोच्या हौद्यात आडवा करून जालन्याला न्यावा लागतो ही लाज आहे. खेळाडू लीग सुरू होण्याआधी नोंदवलेलाच हवा आणि तो त्या गावचा किंवा त्या गावात कामाला असणारा हवा, ही अट पहिल्या वर्षी मोडली की लीगही मोडली असे समजावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही पुस्तिका कुणालाही प्रो कबड्डीत नेण्याचे आश्वासन देत नाही. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाखांना गेला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने दहावा हंगाम जिंकला. ही नावे पोरांच्या तोंडी असावीतच. पण बारा संघांच्या लीगमध्ये साऱ्या देशातून किती जण जाणार? सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणालाही मान्यताप्राप्त वरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात, तालुका लीगचे प्रमाणपत्र तिथे चालणार नाही. ज्याला हे दोन्ही मिळणार नाही, त्याच्यासाठीही खेळ असतो, आणि अशांची संख्या हजारपट आहे. त्यांचा सराव चालू राहिला तरच वर जाणाऱ्याला झुंजायला तुल्यबळ गडी मिळतात. वरच्या पायऱ्यांचे भले खालच्या पायरीवरच ठरते, हे माझे ठाम मत आहे.

पुस्तिकेत नोंदणीचा नमुना, गुणतक्त्याचा नमुना, मैदानाची आखणी, खर्चाचे कोष्टक आणि तक्रार निवारणाची पद्धत दिली आहे. क्रीडा शिक्षक, मंडळांचे कार्यकर्ते, ग्रामपंचायत सदस्य यांना ती उपयोगी पडेल. काही सूचना चुकीच्या ठरतील, काही तुमच्या गावाला बसणार नाहीत; त्या खुशाल बदला. पण सुरुवातीसाठी सगळे पुस्तक वाचून होण्याची वाट पाहू नका. आठ गावांच्या आठ संघप्रमुखांनी एका संध्याकाळी एकत्र बसावे, सात रविवार ठरवावेत आणि ते वेळापत्रक सही करून प्रत्येक गावच्या पारावर लावावे. हंगाम संपल्यावर तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवायला आला, तर तुमची लीग यशस्वी झाली असे खुशाल समजा.